आधी कृपादान, मग पद

पंचायतीची निवडणूक जवळ आली की मंडळीत एक ठरलेली यादी फिरू लागते. सेक्रेटरी कोण, खजिनदार कोण, तरुण संघ कोणाकडे, संडे स्कूल कोण बघणार? नावे बहुधा गेल्या खेपेचीच असतात. बँकेत नोकरी आहे म्हणून खजिना, आवाज खणखणीत आहे म्हणून सूत्रसंचालन, शिक्षिका आहेत म्हणून संडे स्कूल. उरलेल्या जागा ‘घ्या हो, कोणीतरी घ्यायलाच हवं’ म्हणून गळ्यात पडतात. यादी पूर्ण होते, पाळकसाहेब प्रार्थना करतात, चहा होतो. सहा महिन्यांनी तिघे-चौघे सगळा गाडा ओढताना दिसतात आणि बाकीचे फक्त सभेला हजर असतात. मग ‘आपल्या मंडळीत कोणी पुढे येत नाही’ अशी तक्रार सुरू होते.

बहुतेक मंडळ्यांत माणसांची वानवा नसते. आपण आधी पद ठरवतो आणि त्यात बसेल असा माणूस शोधतो, तिथे गाडी अडते. पवित्र शास्त्रातला क्रम उलटा आहे. देवाने कोणाला काय दिले आहे हे मंडळीने आधी ओळखायचे आणि मग त्याला साजेशी जबाबदारी सोपवायची. हे ओळखायचे कसे, याचा विचार या लेखात आहे. पंचायतीचे सभासद, महिला संघाचे व तरुण संघाचे पुढारी, घरसभा चालवणारे भाऊबहीण आणि पाळक या सर्वांना तो उपयोगी पडावा.

याद्या अनेक, पुरी एकही नाही

नव्या करारात कृपादानांच्या याद्या चार ठिकाणी मुख्यतः आढळतात: रोम १२, १ करिंथ १२, इफिस ४ आणि १ पेत्र ४. चारही शेजारी ठेवून वाचा. एकही यादी दुसरीशी तंतोतंत जुळत नाही. इफिसच्या पत्रात प्रेषित, संदेष्टे, सुवार्तिक, पाळक आणि शिक्षक येतात. रोमच्या पत्रात सेवा, शिक्षण, बोध, दानधर्म, पुढारीपण आणि दया एका ओळीत बसतात. पेत्र तर बोलण्याची आणि सेवा करण्याची अशा दोनच गटांवर थांबतो. पौलाला किंवा पेत्राला छापील तक्ता द्यायचा नव्हता, हे यावरून उघड आहे. आपापल्या मंडळीत जे दिसत होते, ते त्यांनी लिहिले.

दोन गोष्टी विशेष लक्षात घेण्याजोग्या आहेत. रोम १२ मध्ये पुढारीपण हे उदारपणे देणे आणि दया करणे यांच्या मधोमध आले आहे. बाकी सर्व दानांच्या डोक्यावर त्याला बसवलेले नाही. आणि १ करिंथ १२ च्या शेवटी रोग बरे करण्याच्या दानाला लागूनच मदत करणारे आणि कारभार पाहणारे येतात. चमत्कार करणारा आणि हिशेब नीट ठेवणारा असे दोघेही त्याच आत्म्याने चालतात, ही पौलाची समजूत होती. हजेरीपट आणि वीजबिल सांभाळणाऱ्या सेक्रेटरीला आपण ‘आध्यात्मिक’ कामात क्वचितच धरतो, म्हणून हे मुद्दाम सांगावे लागते.

जुना करार आणखी पुढे जातो. निर्गम ३१ मध्ये निवासमंडपाच्या कामासाठी देवाने बसालेलाला नावाने बोलावले आणि आत्म्याने भरले, ते सोने, रुपे, पितळ, लाकूड आणि रत्ने घडवण्यासाठी. पस्तिसाव्या अध्यायात त्याला आणि अहलियाबाला दुसऱ्यांना शिकवण्याची हातोटी दिल्याचेही सांगितले आहे. कारागीर असून कारागीर घडवणारा माणूस म्हणजे पुढारीच.

अंत्युखियातले पाच जण

वेगवेगळ्या दानांचा संघ कसा असतो हे पाहायचे तर प्रेषितांची कृत्ये १३ उघडावे. अंत्युखियाच्या मंडळीतल्या पाच संदेष्ट्यांची व शिक्षकांची नावे तिथे दिली आहेत. बर्णबा हा कुप्र बेटावरचा लेवी. त्यानंतर निग्र म्हटलेला शिमोन. मग उत्तर आफ्रिकेतल्या कुरेने गावचा लुक्य. मनाएन हा मांडलिक हेरोदाबरोबर वाढलेला, म्हणजे दरबाराशी नाते असलेला. आणि शेवटी शौल, म्हणजेच पुढचा पौल, परूश्यांच्या शिस्तीत शिकलेला आणि एकेकाळी याच पंथाचा छळ करणारा. एका गावचे, एका घराण्याचे किंवा एका स्वभावाचे असे हे पुढारी नव्हते. त्यांची उपासना आणि उपास चालू असताना त्यांच्यातले दोघे नव्या कामासाठी वेगळे काढले गेले.

त्यातही बर्णब्याकडे थांबून पाहिले पाहिजे. त्याचा मोठा उपदेश आपल्यापर्यंत आलेला नाही, त्याचे पत्रही नव्या करारात नाही. पण यरुशलेमात सगळे शौलाला घाबरत होते तेव्हा त्याला हाताशी धरून प्रेषितांपुढे उभे करणारा हाच. पुढे अंत्युखियातले काम वाढल्यावर तार्सला जाऊन शौलाला शोधून आणणाराही हाच. योहान मार्क अर्ध्या वाटेवरून परतला, तेव्हा पौलाने त्याला पुन्हा सोबत घ्यायला नकार दिला आणि बर्णब्याने मार्काला घेऊन वेगळी वाट धरली. पुढे २ तीमथ्य ४ मध्ये पौलच मार्काला बोलावून घेतो, कारण सेवेसाठी तो उपयोगाचा आहे. दुसऱ्यातले दान ओळखणे हेच बर्णब्याचे दान होते. ज्या मंडळीत असा एक माणूस असतो, तिथे नवी माणसे घडत राहतात.

आपल्यात दिसणाऱ्या तऱ्हा

काही परंपरांत प्रेषित आणि संदेष्टा ही पदे आजही मानली जातात, काहींत मानली जात नाहीत. त्या वादात न शिरता कल कोणाचा कुठे आहे एवढेच पाहायचे. ओळखायला सोपे जावे म्हणून पुढच्या काही खुणा.

*नवे सुरू करणारे.* गावाबाहेर नवी वसाहत झाली की ‘तिथं आपली पाच घरं आहेत, बुधवारची प्रार्थनासभा तिकडे घेऊ या’ असे आधी हेच म्हणतात. ते थांबून राहू शकत नाहीत. त्यांचा धोका असा की सुरू केलेले काम दुसऱ्याच्या हाती नीट न देता ते पुढच्या कामाला लागतात.

*खडा सवाल करणारे.* ठराव मंजूर होता होता एक हात वर येतो: ‘कब्रस्तानाच्या फीबद्दल गरिबांना काय सांगणार आहोत?’ सगळे अवघडतात. पण मंडळी वाट चुकत असेल तर आधी यांनाच कळते. यांच्या बोलण्यात प्रीती नसेल तर लोक ऐकणे सोडतात. आणि यांना गप्प केले तर मंडळीच आंधळी होते.

*बाहेरच्याला आत आणणारे.* रविवारी दारात अनोळखी चेहरा दिसला की हे आपला बाक सोडून उठतात. सोसायटीतल्या, कारखान्यातल्या, कॉलेजातल्या लोकांशी यांची उठबस असते. आतल्या माणसांचा यांना थोडा विसर पडतो.

*माणसे सांभाळणारे.* ‘दोन रविवार झाले, कोपऱ्यातल्या बाकावरच्या आजी आल्या नाहीत’ हे यांच्याच लक्षात येते, आणि सोमवारी ते आजींच्या दारात असतात. यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. त्यामुळे ते लवकर दमतात आणि बदलाला नकळत अडवतातही.

*समजावून देणारे.* अवघड उतारा यांनी सांगितला की मागच्या बाकावरच्या मुलालाही कळतो. सगळे काही शिकवल्याने सुटेल असे यांना वाटते, ही यांची मर्यादा.

*व्यवस्था लावणारे.* नाताळच्या कार्यक्रमाला खुर्च्या किती, वीज गेली तर काय, अर्पणाचे पैसे बँकेत कोण भरणार, याचे उत्तर यांच्या वहीत लिहिलेले असते. नियम माणसांपेक्षा मोठे होऊ नयेत, एवढीच काळजी यांनी घ्यायची.

*धीर देणारे आणि हात देणारे.* हे मंचावर येत नाहीत. पण मयताच्या घरी रात्रभर कोण बसले आणि हॉस्पिटलात डबा कोणी नेला, हे विचारले की त्यांचीच नावे पुढे येतात. त्यांच्यामागे चार माणसे आपोआप जातात, आणि ज्याच्यामागे माणसे जातात तो पुढारी असतो, पद असो वा नसो.

एकाच माणसात दोन-तीन तऱ्हा मिसळलेल्या असतात, आणि वयाबरोबर त्यांत फेरही पडतो. म्हणून कोणाच्या कपाळावर शिक्का मारू नका.

दान कामात दिसते

कृपादाने ओळखण्याच्या प्रश्नावल्या गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकापासून अमेरिकेतल्या मंडळ्यांत वापरल्या जाऊ लागल्या, आणि आता मराठीतही त्यांच्या प्रती फिरतात. बोलायला सुरुवात म्हणून त्या बऱ्या. पण प्रश्नावलीत माणूस स्वतःबद्दल स्वतःच सांगतो. संकोची माणूस स्वतःला कमी गुण देतो आणि धीट माणूस जास्त. दान इतरांच्या उपयोगासाठी दिलेले असते, म्हणून ते इतरांच्या डोळ्यांना आधी दिसते. ते दिसण्यासाठी काम मात्र द्यावे लागते.

त्यासाठी वेगळे शिबिर घ्यायला नको. आपले मंडळीचे वर्षच त्यासाठी पुरे आहे. कापणीच्या सणाचेच बघा. उपासना झाल्यावर अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव सुरू होतो. भोपळे, नारळ, गव्हाची पोती, पाय बांधलेला कोंबडा, कोणी आजीने आणलेली डझनभर अंडी. लिलाव पुकारणाऱ्याकडे सगळ्यांचे लक्ष असते, आणि तो रंगात आला की दहा रुपयांचे लिंबू शंभरला जाते. लोकांना हसवत उदार करणे हे एक दानच आहे. पण त्या अर्ध्या तासात जरा आजूबाजूलाही पाहा. एक मुलगी टेबलाच्या कडेला बसून कोणी काय घेतले आणि पैसे आले की राहिले ते वहीत लिहीत असते, आणि शेवटी तिचा आकडा डब्यातल्या रकमेशी जुळतो. एक गृहस्थ स्वतः बोली लावून घेतलेली पिशवी गुपचूप एका विधवा बहिणीच्या हातात देतात. एक तरुण लहान मुलांना मागे नेऊन गोष्ट सांगत बसतो, कारण त्यांचा गलका वाढला आहे आणि त्याला ते कोणी सांगितलेले नाही. एका लिलावात चार पुढारी दिसले. पुढच्या निवडणुकीच्या यादीत त्यांतला पुकारणाराच तेवढा येतो.

उत्तम शुक्रवारचेही तसेच. बऱ्याच मंडळ्यांत दुपारी बारा ते तीनच्या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. ही जागा आपण मानाची म्हणून वाटतो. सातांपैकी दोन जागा दरवर्षी कधीच न बोललेल्यांना द्या. एका महिन्याआधी द्या आणि तयारीला एक अनुभवी उपदेशक सोबत द्या. समजावून देण्याचे दान कोणाला आहे हे तुम्हाला सभामंडपातल्या शांततेवरून कळेल.

काम दिल्यावर तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, फळ: त्या कामाने कोणाचे बरे झाले का? दुसरी, आनंद: दमूनही त्या माणसाला पुन्हा करावेसे वाटते का? तिसरी, मंडळीची साक्ष: न विचारता लोक त्याबद्दल बोलतात का? तिन्ही जुळले तर दान आहे असे समजायला हरकत नाही. आनंद आहे पण फळ नाही, तर ती हौस आहे. फळ आहे पण आनंद नाही, तर ते कौशल्य असेल. त्या कामाने माणूस एक-दोन वर्षांत वाळून जाईल. बँकेतल्या भावाला रविवारीही आकडेच मांडायला लावले तर त्याचे हेच होते. त्याला विचारा, कदाचित त्याला मुलांबरोबर काम करायचे असेल.

बैठकीत करण्याजोगा एक प्रयोग

पंचायतीची एक बैठक फक्त यासाठी ठेवा. दुसरा विषय घेऊ नका, छताच्या गळतीचासुद्धा नाही. सुरुवातीला रोम १२:३ ते ८ मोठ्याने वाचा आणि पाच मिनिटे शांत बसा. मग प्रत्येकाला जितके सभासद तितक्या चिठ्ठ्या द्या. प्रत्येकाने प्रत्येकाबद्दल गेल्या वर्षातला एक प्रसंग लिहायचा, आपण स्वतः पाहिलेला. विशेषणे चालणार नाहीत. ‘फार चांगले आहेत’ किंवा ‘प्रेमळ आहेत’ अशी चिठ्ठी बाजूला काढायची. ‘पावसात घरसभेला येणाऱ्यांना त्यांनी रिक्षाने आणलं’ किंवा ‘त्या वादात दोघांचंही ऐकून घेतलं आणि मग बोलल्या’ अशी चिठ्ठी चालेल.

चिठ्ठ्या ज्याच्या त्याला द्या आणि त्याने त्या मोठ्याने वाचाव्यात. बहुतेकांना स्वतःबद्दल असे काही ऐकायची सवय नसते. कोणी हसण्यावारी नेईल, कोणाचे डोळे भरतील. घाई करू नका. वाचून झाल्यावर एकेकाने दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत: ‘यांतलं काय करताना मला देव जवळ वाटतो?’ आणि ‘मी आज सांभाळत असलेलं कोणतं काम मला खरं तर सोडायचं आहे?’ दुसऱ्या प्रश्नावर खरी चर्चा होते. वर्षानुवर्षे केवळ कर्तव्य म्हणून एखादे काम ओढणारा माणूस पहिल्यांदा मोकळेपणे बोलतो.

पाळकसाहेबांनीही चिठ्ठी घ्यावी आणि त्यांच्याबद्दलही लिहिले जावे. पाळकाकडे सगळी दाने असली पाहिजेत ही आपली अपेक्षा त्यांच्यावर अन्याय करते. उपदेश उत्तम, पण कागदपत्रांचा कंटाळा, असे पाळक असतात. घरभेटीत हातखंडा, पण वेदीवर बिचकणारेही असतात. त्यांचे उणे कोण भरून काढू शकतो, हे याच बैठकीत ठरते.

जबाबदारी सोपवताना

निर्गम १८ मध्ये इथ्रोने मोशेला सल्ला दिला, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोशे एकटाच न्याय करत बसला होता. उपाय असा निघाला: हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर पुढारी नेमायचे. दहा माणसांचा पुढारी हाही पुढारीच मोजला, हे विसरू नये. आपल्याकडे पाच-सहा घरांची काळजी घेणारा माणूस पंचायतीत नसला तरी त्याला तसे नाव, प्रार्थना आणि आधार मिळाला पाहिजे.

प्रेषितांची कृत्ये ६ मध्ये यरुशलेमच्या मंडळीत रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषी विधवांकडे दुर्लक्ष होत होते. प्रेषितांनी निवड मंडळीवर सोपवली आणि अटी तेवढ्या घातल्या: नावलौकिक, आत्मा, शहाणपण. निवडलेल्या सातांची नावे पाहिली तर सगळी ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची कुरकुर होती, त्यांच्याच बाजूची माणसे मंडळीने कारभाराला नेमली. आणखी गंमत अशी की वाटपासाठी नेमलेला स्तेफन पुढे मोठा साक्षीदार ठरला आणि फिलिप्प शोमरोनात जाऊन सुवार्तिक झाला. लहान काम विश्वासाने सोपवले की त्याच्या पोटातून दुसरे दान बाहेर येते.

सोपवताना चार नियम पाळा. काम एका पानावर लिहून द्या: काय करायचे, कोणाला विचारायचे, पैसे किती खर्चता येतील. पहिली जबाबदारी तीन महिन्यांचीच द्या, म्हणजे न जमल्यास कोणाचाही मान न जाता ती परत घेता येते. जुना माणूस आणि नवा माणूस काही काळ जोडीने ठेवा. आणि सोपवताना सर्व मंडळीसमोर प्रार्थना करा, कारण कुजबुजीत दिलेले काम कुजबुजीतच काढून घेतले जाते.

एक सावधानता मात्र हवीच. दान म्हणजे चारित्र्य नव्हे. करिंथच्या मंडळीला कोणत्याही दानाची उणीव नव्हती, असे पौल पत्राच्या आरंभीच लिहितो, आणि त्याच पत्रात तिथली गटबाजी, कोर्टकज्जे आणि प्रभुभोजनातली बेशिस्त यांवर त्याला अध्यायच्या अध्याय खर्चावे लागतात. १ तीमथ्य ३ आणि तीत १ मधल्या वडिलांच्या अटी बहुतांश वागणुकीच्या आहेत. म्हणून माणूस कितीही गुणी असो, अर्पण दोघांनी मिळूनच मोजावे आणि मुलांच्या वर्गात एकटा मोठा माणूस ठेवू नये. ही शंका नव्हे, सर्वांचेच रक्षण आहे. कॅथलिक मंडळींच्या १९८३ च्या कॅनन कायद्यातही प्रत्येक धर्मग्रामाला अर्थसमिती सक्तीची केली आहे. वसईत असो वा गोव्यात, पैशाच्या बाबतीत फादरांना एकट्याने भार वाहावा लागू नये, हा त्यातला एक फायदा.

दाने एकमेकांना भिडतात तेव्हा

नवे सुरू करणारी ताई म्हणते, ‘या महिन्यातच झोपडपट्टीत मुलांचा वर्ग सुरू करू या.’ व्यवस्था लावणारे काका म्हणतात, ‘पैसे कुठून, जागा कुणाची, परवानगी कोण देणार?’ सांभाळणारी काकू म्हणते, ‘आहेत त्या मुलांनाच शिक्षक पुरत नाहीत.’ अशा वेळी प्रत्येकाला वाटते, बाकीच्यांत विश्वास कमी आहे. खरे म्हणजे तिघेही आपापल्या दानातून बोलत असतात. अध्यक्षाने तेव्हा निर्णयाची घाई न करता तिघांना एकाच कामात बसवावे. ताईने जागा शोधावी, काकांनी दोन महिन्यांचे अंदाजपत्रक करावे, काकूंनी संडे स्कूलमधून एक शिक्षिका निवडून तयार करावी. तरीही जुळले नाही तर पौल आणि बर्णब्यासारखे वेगळे व्हावे लागेल. तेव्हा दोन कामे सुरू झाली, एक बंद पडले नाही.

ज्यांच्याकडे पाहायचे राहून जाते

महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासातच अशा न दिसलेल्या दानाचे मोठे उदाहरण आहे. लक्ष्मीबाई टिळक शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरे शिकल्या. त्या काळच्या कोणत्याही समितीने लेखिका म्हणून त्यांचे नाव सुचवले नसते. १९१९ मध्ये त्यांचे पती रेव्हरंड नारायण वामन टिळक गेले, तेव्हा टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते लक्ष्मीबाईंनी पुरे केले, आणि त्यांची ‘स्मृतिचित्रे’ मराठी आत्मचरित्रांत आज अग्रभागी आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून आणलेल्या मुलींना आश्रय दिला. त्यांच्या हातांना त्यांनी विणकाम, शेती, छपाई असे उद्योगही दिले. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, प्रसिद्ध झाले. ज्यांना समाजाने ओझे मानले, त्यांच्यात रमाबाईंना कामाचे हात दिसले.

नव्या करारातही फिबी ही किंख्रियाच्या मंडळीची सेविका आहे. प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी अपुल्लोसारख्या विद्वान वक्त्याला घरी नेऊन अधिक नीट समजावून सांगितले. तीमथ्याच्या तरुणपणावरून कोणी त्याला कमी लेखू नये, असे पौलाला सांगावे लागले. म्हणजे ही अडचण जुनीच आहे. तुमच्या मंडळीत आज कोणाकडे पाहायचे राहिले आहे? महिला संघातल्या स्वयंपाकाच्या समितीपलीकडे ज्यांना काही विचारलेच जात नाही अशा बहिणी. कॉलेजात शिकणारी, व्हॉट्सअॅपवर सगळ्यांना एकत्र ठेवणारी मुले. कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यातून आलेली कुटुंबे, ज्यांना अजून ‘आपली’ मानलेले नाही. चर्चची साफसफाई करणारे भाऊ, ज्यांना प्रत्येक घराची खबर असते.

लहान गावातल्या वाचकांना वाटेल, आमची वीस घरे, पाळक महिन्यातून एकदा येतात, एवढे सगळे कोण करणार? खरे तर याची सर्वांत जास्त गरज तुम्हालाच आहे. पाळक नसलेल्या तीन रविवारी उपासना कोण चालवते, आजाऱ्याकडे कोण जाते, किल्ली कोणाकडे असते? ती माणसे आधीच पुढारी आहेत. त्यांच्या दानाला नाव द्या आणि त्यांना शिकायची सोय करा.

एवढे करूनही निवडणूक होईल, मतेही पडतील. मंडळीच्या संविधानाप्रमाणे ती झालीच पाहिजे. फक्त पुढच्या विषयपत्रिकेत ‘पदाधिकाऱ्यांची निवड’ या ओळीच्या वर एक ओळ घाला: ‘सभासदांची कृपादाने.’ आणि त्या बैठकीला येताना प्रत्येकाने पंचायतीबाहेरच्या एका माणसाचे नाव व त्याचा एक पाहिलेला प्रसंग लिहून आणावा, अशी विनंती सेक्रेटरींनी आजच पत्रात घालावी.